भयकथेतील वासना आणि हिंसा : भुताकडून माणसाकडे

मराठी कथेच्या इतिहासात भयकथेला बहुधा रंजनपर वाङ्मयाच्या प्रकरणात एखाद्या परिच्छेदापुरती जागा मिळते. या प्रकारातील पुष्कळसे लेखन साचेबंद आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि माणसाची अनावर वासना आणि तिच्यातून उद्भवणारी हिंसा यांचा शोध घेण्याची या प्रकाराची स्वतःची एक रीत आहे. ती कशी घडत गेली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ लोकसमजुतींपासून करावा लागतो. पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याने मुंजा, हडळ, समंध हे शब्द पुस्तकात वाचण्यापूर्वीच ऐकलेले असतात. या पिशाचयोनींची वर्गवारी नीट पाहिली, तर ती मुळात अपुऱ्या राहिलेल्या इच्छांची वर्गवारी आहे, असे दिसून येते. मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा मुंजा होतो. गरोदरपणी वा बाळंतपणात गेलेली स्त्री हडळ होते. धनात जीव अडकलेला मनुष्य समंध होतो. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेनासा झाला की मृताची कोणती इच्छा राहिली, याचा शोध आप्त घेऊ लागतात, तोही याच श्रद्धेपोटी. 'वासना' या एकाच शब्दात मराठीने इच्छा, कामेच्छा आणि मरणानंतरही मागे उरणारी ओढ, हे तिन्ही अर्थ सामावून घेतले आहेत. मात्र या कल्पनेत एक अन्यायही दडलेला आहे. बाळंतपणात प्राण गमावणाऱ्या स्त्रीचे दुःख बाजूला राहते आणि लोकसमजूत तिलाच भयाचे कारण ठरवते.

संस्कृत साहित्यशास्त्र येथे काही अंतरापर्यंतच साथ देते. भरताने भयानकाची उत्पत्ती बीभत्सापासून मानली. उत्तरकालीन शास्त्रकारांनी शृंगार आणि भयानक हे परस्परविरोधी रस मानले. वासनेची भयकथा नेमका हा विरोध मोडते. ज्याची ओढ वाटते त्याचीच भीती वाटणे, हा तिचा गाभा होय. त्यामुळे 'भयानक रसाचा परिपोष' एवढे म्हणून तिची समीक्षा संपत नाही.

नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या लेखनात अनिष्ट शक्ती बहुधा बाहेरून येते. स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट' (१९७५) या कादंबरीवर आधारलेली 'लुचाई' हे याचे परिचित उदाहरण. 'समर्थ' या व्यक्तिरेखेच्या कथांतून तर या शक्तीचा प्रतिकार करणारा रक्षकही त्यांनी उभा केला. दुष्ट शक्ती आणि माणूस यांच्यातील सीमारेषा अशा कथांत पुरेशी स्पष्ट राहते आणि वाचकाला अखेर दिलासा मिळतो.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी आपल्या लेखनासाठी 'गूढकथा' ही संज्ञा पसंत केली, ती अर्थपूर्ण आहे. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम' यांसारख्या संग्रहांतून भयाचे केंद्र मनाकडे सरकते. मत्सर, सूड, अपराधभाव, एखाद्या गोष्टीचा पछाडून टाकणारा ध्यास ही येथील खरी पिशाचे. घडले ते अतिमानुष होते की पात्राच्या मनाचा खेळ, हे अनेकदा अनिश्चितच राहते. १९७० मध्ये रंगमंचावर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे' या नाटकात तर भुताची गरजच उरत नाही. पैशाच्या हव्यासाने पेटलेले भाऊ गर्भवती बहिणीवर लाथा चालवतात. हे नाटक भयकथेच्या परंपरेतील नव्हे. परंतु भयकथा ज्या दिशेने निघाली होती, त्या दिशेचे टोक त्यात दिसते.

धारपांच्या कथाविश्वातून प्रेरणा घेतलेला राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) हा हिंदी चित्रपट या दोन्ही धारांना एकत्र आणतो. त्यातील हस्तर हा राक्षस पिठाच्या रिंगणापलीकडे येऊ शकत नाही. सोन्याच्या नाण्यांसाठी विनायक स्वतःच्या पायांनी पुन्हा पुन्हा त्याच्याकडे उतरतो आणि तीच विद्या मुलालाही शिकवतो. राक्षस बांधलेला आहे. मोकाट आहे तो माणूस. समंधाची जुनी कल्पना येथे पूर्णपणे उलटी झालेली दिसते.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात मुली व स्त्रिया यांच्या हत्यांची मालिका घडली. गुप्तधन मिळावे म्हणून हे बळी दिले गेल्याचा आरोप खटल्यात झाला. नरबळी व जादूटोणा यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात झाला तो २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर. अशा प्रदेशात भयकथा अंधश्रद्धेला खतपाणी घालते, हा आक्षेप गांभीर्यानेच घ्यावयास हवा. परंतु तो सरसकट लागू करता येत नाही. भूत खरे आहे एवढेच सांगून जी कथा थांबते, ती त्या आक्षेपास पात्र ठरते. भूत ज्या हव्यासातून जन्मते त्याचा माग जी काढते, ती कथा हिंसेची जबाबदारी पिंपळावरून उतरवून माणसाच्या पदरी घालते.

भयकथेचे मूल्यमापन करताना ती वाचकाला किती घाबरवते, हे पाहणे दुय्यम आहे. तिने भयाचे कारण कोठे ठेवले आहे आणि तिच्यातील बळीला ती काय न्याय देते, हे दोन प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारावेत. या कसोटीवर अनेक कथा गळून पडतील. ज्या उरतील, त्यांचा विचार मात्र रंजनाच्या प्रकरणाबाहेर काढून मराठी कथेच्या मुख्य प्रवाहातच करावा लागेल.