फिरते चित्रकार

मनुष्य जातो, पण त्याची मुद्रा मागे राहावी, ही इच्छा सर्व काळी व सर्व देशांत आढळते. १८३९ साली छायाचित्रणाची कला जगापुढे आली. त्यापूर्वी ही इच्छा पुरी करणे चित्रकाराच्याच हाती होते. अमेरिकेत असे चित्रकार रंग व कुंचले घेऊन गावोगाव हिंडत. शेतकरी, दुकानदार आणि त्यांची मुलेबाळे यांची चित्रे काढावीत, मोबदला घ्यावा आणि पुढचे गाव गाठावे, असा त्यांचा क्रम असे. अमी फिलिप्स (१७८८-१८६५) या चित्रकाराने सुमारे पन्नास वर्षे हाच व्यवसाय केला.

महाराष्ट्रातही असा एक परदेशी चित्रकार येऊन गेला. स्कॉटलंडचा जेम्स वेल्स १७९१ साली मुंबईस उतरला व पुढच्या वर्षी पुण्यास आला. तेथील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यामुळे त्याचा पेशवे दरबारात प्रवेश झाला. त्या काळी आपल्याकडील चित्रकार बहुधा कागदावर जलरंगांनी चित्रे काढीत व चेहरा एका बाजूने दाखवीत. वेल्स मात्र ताणलेल्या कापडावर तैलरंग वापरी आणि छायाप्रकाशाच्या योगाने चेहऱ्याचे उंचसखलपण हुबेहूब उतरवी.

१७९२ साली त्याने सवाई माधवराव पेशवे व नाना फडणीस यांचे एकत्र चित्र काढले. पेशवे अठरा वर्षांचे, नाना पन्नाशीचे. एक तरुण धनी, दुसरा मुरलेला कारभारी. पुढे ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यात उंचावरून पडून सवाई माधवरावांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यात वेल्सही निवर्तला. दोघे गेले; चित्र मात्र राहिले. आज ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

वेल्सला पुण्याचे गंगाराम तांबट यांचे साहाय्य लाभले. तांबटांनी वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंडाही त्यांनी रेखाटला.

तथापि एक उणीव मनास जाणवते. पुण्यास चित्रासाठी बसले ते पेशवे, कारभारी व सरदार. सांगलीकडे वाहत येणाऱ्या कृष्णेच्या काठी, वाईजवळ मेणवलीस, नानांचा वाडा आजही उभा आहे. परंतु त्याचे दगड घडविणारे पाथरवट, किंवा आपल्या कुपवाडच्या शिवारात तेव्हा राबणारे शेतकरी कसे दिसत, हे सांगणारे चित्र नाही. म्हणून जुने चित्र पाहताना त्यात कोण आहे हे जसे पाहावे, तसेच त्यात कोण नाही याचाही विचार करावा.