मेल येतात-जातात, मग ‘रजेवर आहे’ एवढेच का सांगता येत नाही?

रजेचा अर्ज मंजूर झालेला असतो, हातातली कामे सहकाऱ्याकडे सोपवून झालेली असतात. उरते ते संगणकावरच्या आउटलुकमध्ये ‘रजेवर आहे’ असा निरोप लावून ठेवण्याचे काम. ‘फाइल’मध्ये जाऊन ‘ऑटोमॅटिक रिप्लाइज’वर क्लिक करावे, तर पडद्यावर इंग्रजीत सूचना झळकते. तिचा मराठीत अर्थ असा : स्वयंचलित उत्तराच्या सेटिंग्ज दाखवता येत नाहीत, कारण सर्व्हर सध्या उपलब्ध नाही, नंतर प्रयत्न करा. गंमत म्हणजे त्याच वेळी मेल मात्र व्यवस्थित येत-जात असतात. नंतर प्रयत्न केला तरी सूचना तीच. मग बरेच जण नाद सोडतात आणि निरोप न लावताच निघतात.

याची किंमत मोजावी लागते ती मेल पाठवणाऱ्याला. सातारा जिल्ह्यातले मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. सरकारी कार्यालये, बँका, शाळा-महाविद्यालये, दवाखाने अशी तालुक्याची कामे इथे एकवटलेली. तालुक्यातली असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबईत आहेत. एखाद्या दाखल्यासाठी, कर्जाच्या कागदपत्रांसाठी किंवा घरच्यांच्या तपासणीच्या अहवालासाठी मुंबईहून मेल करणारा माणूस उत्तरावरून ठरवतो, की गाडी धरायची की थांबायचे. कोयनेच्या जलाशयाकाठच्या वाड्यांतून येणाऱ्याचा तर एका खेपेत दिवस मोडतो. ‘अमुक तारखेपर्यंत रजेवर आहे, तोवर या क्रमांकावर संपर्क साधा’ ही एक ओळ ती खेप वाचवू शकते.

निरोप संगणकावर नसतोच

हा बिघाड समजून घ्यायचा, तर आधी एक गैरसमज दूर करायला हवा. स्वयंचलित उत्तर आपला संगणक देत नाही. ते मेल सांभाळणारा सर्व्हर देतो. टपालाच्या भाषेत सांगायचे, तर ‘मालक बाहेरगावी आहेत’ ही पाटी आपल्या दारावर लागत नाही, ती टपाल कचेरीत लागते. म्हणूनच संगणक बंद करून घरी गेले तरी उत्तर जात राहते.

ही पाटी लावण्यासाठी आउटलुक जी वाट वापरते, ती मेल आणण्याच्या वाटेपेक्षा वेगळी असते. २००७ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ही सोय ‘एक्स्चेंज वेब सर्व्हिसेस’ नावाच्या स्वतंत्र यंत्रणेकडे दिली. तिचा पत्ता शोधून देण्याचे काम ‘ऑटोडिस्कव्हर’ ही दुसरी यंत्रणा करते. हा पत्ता सापडला नाही, चुकीचा सापडला किंवा वाटेत कोणी अडवले, की आउटलुक सरळ ‘सर्व्हर उपलब्ध नाही’ असे सांगून मोकळे होते. मेलची वाट उघडी असते, म्हणून मेल येत राहतात. सर्व्हर बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

आधी निरोप लावा, मग दुरुस्ती

त्यामुळे पहिला उपाय सोपा आहे. क्रोम, एज असा कुठलाही ब्राउझर उघडून त्यातून आपल्या कार्यालयीन मेलमध्ये जावे आणि तिथल्या सेटिंग्जमध्ये स्वयंचलित उत्तर लावावे. निरोप सर्व्हरवरच राहत असल्याने कुठूनही लावला तरी फरक पडत नाही. रजेच्या आदल्या संध्याकाळी एवढे केले तरी पुरे. आउटलुकची दुरुस्ती परतल्यावरही करता येते. शिवाय यातून निदानही होते. ब्राउझरमधून निरोप लागला, तर सर्व्हर आणि खाते ठीक आहे, दोष आपल्या संगणकात किंवा मधल्या वाटेत आहे.

ब्राउझरमध्येच ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा आला, तर संगणकाची तारीख आणि वेळ पाहावी. जुन्या डेस्कटॉपमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बटणासारखी छोटी बॅटरी असते. ती संपली, की वीज गेल्यावर संगणक कित्येक वर्षे मागच्या तारखेवर जातो. सुरक्षित जोडणीसाठी लागणारी प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. चुकीच्या तारखेमुळे ती संगणकाला अवैध वाटतात आणि तो जोडणी नाकारतो. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या भागात ही तपासणी आधी करावी. बॅटरी बदलणे हे थोडक्या पैशांचे काम आहे.

दुसरा प्रश्न खात्याच्या प्रकाराचा. ‘फाइल’मध्ये ‘ऑटोमॅटिक रिप्लाइज’ हे बटणच दिसत नसेल, तर तो बिघाड नाही. खाते ‘पॉप’ किंवा ‘आयमॅप’ पद्धतीने जोडलेले असावे. अशा खात्यांना ही सोय आउटलुकमधून मिळत नाही. ‘रूल्स’ वापरून उत्तराचा नमुना पाठवण्याची पळवाट आहे, पण तिच्यासाठी संगणक आणि आउटलुक सतत चालू ठेवावे लागते. वीज गेली, की उत्तरही बंद. त्यापेक्षा मेल पुरवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून निरोप लावणे भरवशाचे. जीमेल वापरणाऱ्यांना ही सोय तिथल्या सेटिंग्जमध्ये ‘व्हेकेशन रिस्पॉन्डर’ या नावाने मिळते.

खाते योग्य प्रकारचे आहे, तारीखही बरोबर आहे आणि तरी सूचना येते, अशा वेळी कंट्रोलची कळ दाबून ठेवून आउटलुकच्या चिन्हावर क्लिक करावे. आउटलुक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करायचे का, असे विचारले जाते. त्या अवस्थेत निरोपाची खिडकी उघडली, तर दोष आउटलुकला जोडलेल्या एखाद्या पूरक प्रोग्रॅमचा, म्हणजे ‘ॲड-इन’चा आहे. एकेक ॲड-इन बंद करत गेल्यास तो सापडतो.

नाही उघडली, तर घड्याळाशेजारच्या छोट्या चिन्हांमधले आउटलुकचे चिन्ह शोधावे. कंट्रोलची कळ दाबून त्यावर उजवे क्लिक केल्यास ‘टेस्ट ई-मेल ऑटोकॉन्फिगरेशन’ हा पर्याय दिसतो. ही सोय जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये आहे. चाचणीच्या निकालात ‘ओओएफ’ या अक्षरांपुढे पत्ता असायला हवा. निरोपाच्या यंत्रणेचा पत्ता तोच. तो नसेल किंवा अनोळखी असेल, तर बिघाडाचे मूळ सापडले. त्या खिडकीचा फोटो काढून संगणक सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला पाठवावा. त्याचे अर्धे काम तिथेच होते.

असा चुकीचा पत्ता येतो कुठून? छोट्या संस्थांमध्ये संकेतस्थळ एका कंपनीच्या सर्व्हरवर आणि मेल दुसऱ्या कंपनीकडे, अशी विभागणी सर्रास असते. आउटलुक ‘ऑटोडिस्कव्हर’साठी हाक मारते, तेव्हा कधी कधी संकेतस्थळाचा सर्व्हरच मध्ये ‘ओ’ देतो आणि भलताच पत्ता सांगतो. संस्थेच्या नावाच्या नोंदी दुरुस्त केल्या, की हा गोंधळ मिटतो. काही कार्यालयांत इंटरनेटवर पहारा देणारी ‘प्रॉक्सी’ किंवा अँटिव्हायरस ही वाट अडवतात. आउटलुकची आवृत्ती किती जुनी आहे, हेही पाहावे. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांना मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

शेवटचा उपाय म्हणून ‘कंट्रोल पॅनेल’मधून मेलचे नवे प्रोफाइल तयार करता येते. मात्र जुने प्रोफाइल किंवा त्याच्या फाइल लगेच पुसू नयेत. पॉप पद्धतीच्या खात्यात वर्षानुवर्षांचे मेल केवळ त्या संगणकावरच्या फाइलमध्ये असू शकतात.

खिडकी उघडते, पण उत्तर जात नाही

काहींची तक्रार उलटी असते. निरोप लागतो, पण समोरच्याला मिळत नाही. इथे तीन गोष्टी पाहाव्यात. संस्थेतल्या आणि संस्थेबाहेरच्या लोकांसाठी निरोपाचे दोन वेगळे भाग असतात. बाहेरचा भाग रिकामा किंवा बंद राहिला, तर नागरिकांना काहीच कळत नाही. दुसरे, सुरू आणि बंद होण्याची तारीख नीट भरलेली असावी. तिसरी गोष्ट चाचणी घेणाऱ्यालाच फसवते. एकाच पत्त्यावरून दोनदा मेल पाठवला, तर दुसऱ्यांदा उत्तर येत नाही, आणि निरोप बंद पडला असे वाटते. प्रत्यक्षात त्या रजेपुरते एका व्यक्तीला एकदाच उत्तर द्यायचे, असा आउटलुकमागच्या सर्व्हरचा नियम आहे. जीमेल साधारण चार दिवसांतून एकदा उत्तर देते.

या नियमामागे कारण आहे. दोघे जण एकाच वेळी रजेवर असतील आणि दोघांचेही संगणक प्रत्येक मेलला उत्तर देऊ लागले, तर उत्तराला उत्तर, त्याला पुन्हा उत्तर, असे चक्र रात्रंदिवस फिरत राहील. अमेरिकेतल्या बर्कली इथे एरिक ऑलमन यांनी १९८३ च्या सुमारास युनिक्स संगणकांसाठी ‘व्हेकेशन’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यातही एका व्यक्तीला आठवड्यातून एकदाच उत्तर देण्याची खबरदारी होती. पुढे ऑगस्ट २००४ मध्ये इंटरनेटच्या मानकांमध्ये यासाठी शिफारशी नोंदवल्या गेल्या. यंत्राने लिहिलेल्या मेलवर तशी अदृश्य खूण असावी आणि अशी खूण असलेल्या मेलला दुसऱ्या यंत्राने उत्तर देऊ नये, हे त्यांचे सार.

दोन ओळी, पण वाचता येतील अशा

निरोपाच्या भाषेकडे दुर्लक्ष झाले, की काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण वेल्समधल्या स्वान्सी शहरात २००८ मध्ये घडले. अवजड वाहनांना मनाई करणारी रस्त्यावरची पाटी इंग्रजी आणि वेल्श अशा दोन भाषांत हवी होती. भाषांतरासाठी मेल गेला, वेल्शमध्ये उत्तर आले आणि ते पाटीवर रंगवलेही गेले. त्या मजकुराचा अर्थ होता : मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचे काम असल्यास पाठवा.

म्हणून निरोप मराठीत लिहून खाली इंग्रजीत द्यावा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले समोरच्याच्या पडद्यावर निरर्थक अक्षरे होऊन उमटते. परतण्याची तारीख आणि पर्यायी संपर्क एवढे पुरेसे आहे. कुठे, कोणासोबत, किती दिवस फिरायला गेलो हे लिहू नये; घर रिकामे आहे हे अनोळखी माणसालाही कळते. दवाखाना किंवा प्रयोगशाळेच्या निरोपात फोन क्रमांक हवाच, आणि तातडीच्या वेळी मेलची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करा, असेही लिहावे.

विश्रांतीशी असलेले नाते

हा निरोप लावणाऱ्याच्याही प्रकृतीशी जोडलेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी २०१२ मध्ये १३ कर्मचाऱ्यांना पाच दिवस मेलपासून दूर ठेवले आणि हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे लावली. मेल नसताना ताण कमी असल्याचे ठोक्यांच्या नोंदीतून दिसले आणि कामावरचे लक्षही अधिक काळ टिकले. प्रयोग अगदी छोटा होता. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२४ जणांवरच्या दुसऱ्या अभ्यासातही दिवसातून तीनदाच मेल पाहणाऱ्यांना त्या आठवड्यात कमी ताण जाणवला.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर मेल न पाहण्याच्या हक्काबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये अशा हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. कायदा होईल तेव्हा होईल. पण ‘कोणी अडून तर बसले नसेल ना’ या विचाराने सुट्टीत दर तासाला फोन चाळणाऱ्याला विश्रांती मिळत नाही. निरोप नीट लागला असेल, तर ती टोचणी बरीच कमी होते.

त्यासाठी निरोप लावण्याचे काम शेवटच्या दिवशीच्या शेवटच्या तासावर टाकू नये. रजेच्या दोन दिवस आधी तो तारखेसह भरून ठेवावा. सुरू होण्याची वेळ आपोआप येते. रजेच्या पहिल्या सकाळी घरातल्या कोणाच्या तरी वेगळ्या पत्त्यावरून एकदा मेल पाठवून पाहावा. उत्तर आले, की फोन बाजूला ठेवायला हरकत नाही.