पाखरांना ताट नको, वाटी हवी

मार्च महिन्याची २० तारीख जवळ आली, की शाळाशाळांतून चिमण्यांची आठवण होते. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० सालापासून हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या शाळेतील मुले त्या दिवशी प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीला भोके पाडतात, त्यांत लाकडी चमचे आरपार खोवतात, आत तांदळाची कणी भरतात आणि आवारातील आंब्याला ती बाटली टांगतात. पहिले दोन दिवस पाखरे दुरूनच बघतात. तिसऱ्या दिवशी एखादी धीट साळुंकी येते, तिच्यामागून चिमण्या येतात आणि मुलांच्या आनंदाला पारावार राहत नाही. हे दाणापात्र, ज्याला आता सर्रास बर्ड फीडर म्हणतात, एप्रिलभर छान चालते. मग सुटी लागते. मृगाचा पाऊस पडतो. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा बाटलीच्या तळाशी कणीचा काळसर, आंबूस लगदा झालेला असतो, चमच्यांवर विष्ठेची पुटे चढलेली असतात, आणि तरीही एखादे भुकेले पाखरू त्यात चोच घालीत असते.

या चित्रात दोष मुलांचा नाही. बाटली धुवावी असे एखाद्याच्या मनात आले, तरी तिच्या अरुंद गळ्यातून हात आत जात नाही. भोके तळापासून चार बोटे वर असल्यामुळे त्यांच्याखालचा दाणा पाखरांना कधी मिळत नाही आणि कोणाला काढताही येत नाही. जे पात्र धुता येत नाही ते कोणी धूत नाही, हा स्वयंपाकघरातला नित्याचा अनुभव आहे. म्हणून दाणापात्राचा विचार त्याच्या छपरापासून किंवा रंगापासून सुरू न करता ते घासायचे कसे, येथून सुरू केला पाहिजे.

घासण्याचे एवढे महत्त्व कशासाठी? पाखरे रानात उघड्यावर खातात, त्यांना कोण ताटे धुऊन देतो, असे कोणी विचारील. परंतु रानातले पाखरू आज एका झाडावर चरते, उद्या दुसऱ्या. दाणापात्रात मात्र रोज त्याच चार अंगुळे जागेत पंचवीस पाखरांच्या चोची बुडतात. त्यांत एक जरी आजारी असले, तरी त्याचे दुखणे सर्वांच्या पानात वाढले जाते.

ब्रिटनमध्ये याचा मोठा कटू अनुभव आला. तेथे घरोघरी पाखरांना दाणे घालण्याची चाल आहे. २००५ सालापासून ग्रीनफिंच नावाच्या हिरवट, चिमणीएवढ्या पाखरांत घशाचा एक रोग पसरला. ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म परोपजीवी घशात वाढतो, घास गिळता येत नाही, आणि दाणे पुढ्यात असताना पाखरू उपासमारीने मरते. त्याच्या तोंडून पडलेला ओला दाणा दुसऱ्याने उचलला की रोग त्याला लागतो. २००६ ते २००९ या अवघ्या तीन वर्षांत तेथील ग्रीनफिंचांची संख्या सुमारे ४३ लाखांवरून २८ लाखांवर आली. या परोपजीवीचे एक वैगुण्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे : त्याला कोरडेपणा सोसत नाही. ओल्या दाण्यात तो तग धरतो, खडखडीत वाळलेल्या भांड्यात मरतो.

दुसरा धोका विष्ठेतून येतो. साल्मोनेला नावाचे जंतू पाखरांच्या विष्ठेतून दाण्यांत मिसळतात. अमेरिकेत २०२१ साली या जंतूंनी रानपाखरांत साथ माजविली, आणि त्या पाखरांशी व दाणापात्रांशी संबंध आल्यामुळे १२ राज्यांतील २९ माणसेही आजारी पडली. तिसरा धोका बुरशीचा. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाचे सुमारे एक लाख कोंबडवर्गीय पक्षी अकस्मात मेले. शोध घेता घेता कारण सापडले ते त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या बुरसलेल्या पेंडीत. त्या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले. ज्या गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, जेथे श्रावणात कपाटातल्या चपलांवरही बुरशी धरते, तेथे झाडावर टांगलेल्या शेंगदाण्यांची काय कथा?

मराठी वाचकांना मुंबईतील दादरचा कबुतरखाना ठाऊक असेल. २०२५ साली महापालिकेने तो ताडपत्रीने झाकून बंद केला, आणि त्यावरून बराच वाद माजला. श्रद्धेची बाजू एकीकडे आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने होणारे फुप्फुसांचे विकार दुसरीकडे, असा तो पेच आहे. खेड्यातल्या अंगणात एवढी कबुतरे जमत नाहीत, हे भाग्यच म्हणायचे. पण दाणा आणि विष्ठा एकाच जागी साठू देऊ नये, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच.

आता घडणीकडे वळू. प्रथम आकार. पसरट ताटात दाणे टाकले म्हणजे पाखरू सरळ दाण्यांत उभे राहते, खाता खाता तेथेच विष्ठा टाकते, आणि पुढचे पाखरू ते तुडवीत खाते. ब्रिटनमधील रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स या जुन्या संस्थेने रोगाच्या भीतीपायी २०२५ साली सपाट दाणापात्रांची विक्री थांबविली, ती याच कारणाने. याउलट पात्र लहान व खोलगट असले, की पाखरू काठावर बसते, चोच आत आणि शेपूट बाहेर. विष्ठा खाली जमिनीवर पडते. म्हणून पाखरांना एक मोठे ताट वाढण्यापेक्षा तीन-चार वाट्या वेगवेगळ्या फांद्यांना टांगाव्यात. गर्दीही विभागते आणि दांडग्या साळुंक्यांपुढे बिचाऱ्या चिमण्यांनाही घास मिळतो.

अशी वाटी गोव्यात विकत आणावी लागत नाही. नारळ फोडला की ती हाती येते. करवंटीला आतून कोपरा नाही, खाच नाही, सांधा नाही, आणि घाण धरून बसते ती नेमकी कोपऱ्यांत, खाचांत व सांध्यांत. नारळाच्या दोन भकलांपैकी बिनडोळ्यांचे भकल घ्यावे. डोळ्यांच्या बाजूला एक डोळा मऊ असतो, तो उघडला की भोक मोठे पडून कणी गळते. बिनडोळ्यांच्या भकलाला बारीक गिरमिटाने तळाशी तीन-चार भोके पाडली, की पाणी निथळते आणि दाणा राहतो. आतले खोबरे व त्याची तपकिरी साल खरवडून पार काढून टाकावी, नाहीतर तेल खवट होऊन त्यालाच बुरशी येते. मग आतबाहेर काचकागद फिरवून ती गुळगुळीत करावी. रंग किंवा वार्निश लावण्याचा मोह टाळावा. पाखरू त्याचे पोपडे गिळते, आणि शोभा तर दोन दिवसांचीच.

करवंटी टांगायची कशी, हा खरा नाजूक प्रश्न. पुष्कळजण तिला काठाशी तीन भोके पाडून दोरी बांधून टाकतात. मग धुण्याच्या वेळी तीन गाठी सोडाव्या लागतात आणि दुसऱ्याच आठवड्यात धुणे राहून जाते. येथे आजीच्या स्वयंपाकघरातले शिंके उपयोगी पडते. शिंक्यात मडके बांधलेले नसते, नुसते बसविलेले असते. एका हाताने उचलावे, एका हाताने ठेवावे. तसेच येथेही करावे. जाड तारेचे एक कडे वळवावे, ते करवंटीच्या काठापेक्षा किंचित लहान असावे, म्हणजे तिचा फुगीर भाग त्यात आपोआप अडकतो आणि वाऱ्याने पडत नाही. कड्याला तीन तारा जोडून त्या वर एका आकड्यात गुंतवाव्यात. करवंटी वर उचलली की सुटली! स्क्रू नाही, गाठ नाही. एका कड्यामागे दोन करवंट्या असाव्यात, एक झाडावर आणि दुसरी उन्हात वाळत.

तारांवर बसून पाखरू वाटीतच विष्ठा टाकील, ही शंका रास्त आहे. त्यासाठी कड्याच्या वीतभर वर एखादे जुने पातेल्याचे झाकण उपडे अडकवावे. त्याचा घेर वाटीच्या तिप्पट असला म्हणजे पाऊसही आत येत नाही आणि वर बसणाऱ्याची घाणही बाहेरच ओघळते. पेडण्याच्या किनारपट्टीला, म्हणजे मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या गावांत, खाऱ्या वाऱ्याने लोखंडी तार एका हंगामात गंजते, म्हणून तेथे पितळी किंवा स्टीलची तार घ्यावी. डिचोली तालुक्यात खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यालगत लाल धूळ बसते; तेथे वाटी परसाच्या बाजूला टांगलेली बरी.

करवंटीऐवजी स्टीलची वाटी चालेल काय? अवश्य चालेल, आणि धुण्यास तीच सर्वांत सोपी. मात्र ती सावलीत हवी, कारण उन्हात तापते. मातीचे भांडे दिसायला सुरेख, पण न झिलई दिलेली माती ओल शोषून घेते व लवकर वाळत नाही, म्हणून दाण्यासाठी ती तितकीशी योग्य नव्हे. कुंभाराची परळ पाण्यासाठी ठेवावी. ते पाणी रोज ओतून टाकून परळ घासावी, नाहीतर आठवडाभरात त्यात डासांची पैदास होते.

धुण्याचा क्रम असा. आधी कोरडी घाण खरवडून काढावी. ती करताना नाकावर फडके बांधावे व भांडे किंचित ओले करावे, म्हणजे धूळ उडत नाही. मग काथ्याच्या बोळ्याने साबण व गरम पाणी लावून घासावे. त्यानंतर एक भाग द्रव ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांच्या मिश्रणात दहा मिनिटे बुडवून ठेवावे व स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावे. या मिश्रणात न्हाणीघर धुण्याचे ॲसिड किंवा व्हिनेगर चुकूनही मिसळू नये, विषारी वायू निघतो. शेवटी कडक ऊन. भांडे पूर्ण वाळल्याखेरीज त्यात दाणा टाकायचा नाही. हे काम आठवड्यातून एकदा तरी व्हावे. बोळा वेगळा ठेवावा, धुणे स्वयंपाकघराच्या मोरीत न करता बाहेर करावे, आणि मुलांनी हात साबणाने धुवावेत.

दाणा मूठभरच घालावा, संध्याकाळपर्यंत संपेल एवढाच. कणी, बाजरी, नाचणी चालेल. शिजलेला भात कोकणच्या हवेत काही तासांतच आंबतो, आणि खारे शेंगदाणे किंवा फरसाण हे पाखरांचे अन्न नव्हे. खाली सांडलेला दाणा रोज झाडून घ्यावा, कारण त्याच्यामागे उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात, आणि पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोची भीती असते. एखादे पाखरू पिसे फुलवून, चोचीतून लाळ गाळीत वाटीशी बसलेले दिसले, तर सर्व वाट्या त्याच दिवशी उतरवाव्यात, धुऊन वाळवाव्यात आणि निदान दोन आठवडे टांगू नयेत. पाखरे उपाशी राहतील ही भीती नको; ती पांगतील, आणि त्या वेळी पांगणे हेच त्यांच्या हिताचे.

पहिला पाऊस पडला, की धडधाकट पाखरांसाठीही वाट्या खाली घ्याव्यात. पावसाळ्यात किड्यांना तोटा नसतो आणि चिमणीच्या पिलांना तर किडेच लागतात, कणी नव्हे. पुढे भाताची कणसे भरू लागतात. चतुर्थीच्या सुमारास हिंदू घरांत नव्याची कणसे दाराला बांधतात, आणि ताळगावच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचे कणसांचे फेस्त २१ ऑगस्टला असते. त्या कणसांतली एखादी जुडी पागोळ्यांच्या आत, वळचणीला टांगून पाहावी. चिमणी देठाला लोंबकळते, एकेक दाणा सोलते, तूस खाली टाकते. त्या जुडीला वाटी नाही, तळ नाही, धुणे नाही. दाणे संपले की पेंढी गोठ्यात टाकावी आणि दुसरी बांधावी.