पिझारोचा पुतळा, लिमा

पेरू देशाची राजधानी लिमा येथील एक वादग्रस्त अश्वारूढ ब्राँझ पुतळा. इंका साम्राज्य जिंकणारा स्पॅनिश सेनानी फ्रांथीस्को पिझारो (मृ. १५४१) याचा हा पुतळा अमेरिकन शिल्पकार चार्ल्स केरी रम्झी (१८७९–१९२२) याने घडविला. त्याच घडणीचा दुसरा पुतळा पिझारोच्या जन्मगावी, स्पेनमधील त्रुहील्यो येथे, १९२९ पासून आहे. मुळात हा पुतळा मेक्सिकोचा जेता कोर्तेस याचा होता, अशी एक आख्यायिका आहे. तीस विश्वसनीय आधार नाही.

पिझारोने १६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का येथे इंका सम्राट आतावाल्पा यास कपटाने कैद केले आणि सोन्यारूप्याची प्रचंड खंडणी वसूल करूनही पुढील वर्षी त्यास ठार मारविले. त्याच पिझारोने १८ जानेवारी १५३५ रोजी लिमा नगर वसविले. नगराचा संस्थापक व एतद्देशीयांच्या साम्राज्याचा विध्वंसक एकच, ही या वादाची खरी मेख होय.

नगराच्या चतुःशताब्दीनिमित्त १९३५ मध्ये हा पुतळा मुख्य चौकातील कॅथीड्रलसमोर बसविण्यात आला. १९५२ मध्ये तो राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादालगतच्या छोट्या चौकात नेण्यात आला. प्रजासत्ताकाच्या सत्तास्थानाशेजारीच जेत्याने उपसलेल्या तलवारीनिशी उभे असावे, हे अनेकांना अवमानकारक वाटे. वास्तुविशारद सान्त्यागो आगुर्तो काल्वो यांनी तो हटविण्याची मागणी दीर्घकाळ लावून धरली. अखेर २००३ मध्ये महापौर लुईस कास्तान्येदा यांच्या कारकीर्दीत तो उतरविण्यात आला व पुढील वर्षी रीमाक नदीकाठच्या, जुन्या तटबंदीचे अवशेष असलेल्या उद्यानात ठेवण्यात आला. संस्थापकाची ही उपेक्षा इतरांना खटकली. जानेवारी २०२५ मध्ये, नगराच्या ४९० व्या वर्धापनदिनी, महापौर राफाएल लोपेस आल्यागा यांनी तो मुख्य चौकाजवळ परत आणविला आणि वाद पुन्हा उफाळला.

या सर्व स्थलांतरांत पिझारोची कबर मात्र कॅथीड्रलमध्येच राहिली. तेथे काचेच्या पेटीत वर्षानुवर्षे दाखविला जाणारा सांगाडा त्याचा नव्हे. १९७७ मध्ये सापडलेल्या, त्याच्या नावाचा लेख असलेल्या शिशाच्या पेटीतील कवटी त्याची, असे पुढील तपासणीत निष्पन्न झाले.