मार खाण्यासाठी उडणारी विमानं

कोल्हापूरच्या तालमीत मोठी कुस्ती ठरली, की वस्ताद आधी जोड शोधतात. समोरचा पैलवान ढाक मारण्यात तरबेज असेल, तर तसाच गडी आणायचा आणि आपल्या पठ्ठ्याला त्याच्याशी रोज झुंजवायचं. मैदानात ढाक पहिल्यांदा बसता कामा नये. हवाई दलांचं गणितही हेच, फक्त त्यांचा जोड ताशी हजार किलोमीटरच्या वेगानं अंगावर येतो.

अमेरिकेला हे शहाणपण व्हिएतनामच्या युद्धात आलं. छोटी, चपळ मिग विमानं त्यांच्या अवजड विमानांना भारी पडू लागली. मग 1969 मध्ये त्यांच्या नौदलानं ‘टॉप गन’ नावाची शाळा काढली आणि 1972 मध्ये हवाई दलानं नेवाडातल्या नेलिस तळावर ‘अ‍ॅग्रेसर’ तुकडी उभी केली. पुढे या कामाला आलेलं एफ-5 मिग-21 च्याच अंगकाठीचं. त्याला सोव्हिएत रंग फासला, वैमानिकांना सोव्हिएत डावपेच पढवले, की झाला शत्रू तयार.

आपल्याला रंग फासायची फारशी गरज नव्हती. पाकिस्तानकडचं एफ-7 म्हणजे मिग-21 चीच चिनी आवृत्ती, आणि मिग-21 तर नाशिकजवळच्या ओझरला तयार होत होतं. शत्रूच्या घरचं विमान आपल्याच हँगरात! हवाई दलाची डावपेच शिकवणारी ‘टॅकडी’ ही संस्था 1971 मध्ये आदमपूरला सुरू झाली आणि जामनगरमार्गे ग्वाल्हेरला स्थिरावली. फेब्रुवारी 2004 मध्ये ‘कोप इंडिया’ सरावासाठी अमेरिकी एफ-15 ग्वाल्हेरलाच उतरली. तेव्हा आपल्या म्हाताऱ्या मिगच्या सुधारित ‘बायसन’ अवतारानं पाहुण्यांना चांगलाच घाम फोडला.

पण ही सगळी लुटुपुटूची लढाई. ‘मारलं’ अशी नोंद झाली, की दोघंही परत येऊन चहा पितात. खरं क्षेपणास्त्र डागून पाहायचं असेल तर समोर माणूस बसवता येत नाही. इथून पुढची गोष्ट बंगळुरूची आहे.

वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकानं 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीनं इथे विमानाचा कारखाना काढला. तोच आजचा एचएएल. त्याच्या आसपास वाढत गेलेल्या संस्थांपैकी एक म्हणजे एडीई, संरक्षण संशोधन संस्थेची विमानशाखा. ‘तेजस’चं नाव शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. एडीईनं घडवलेल्या ‘लक्ष्य’ या बिनवैमानिकाच्या विमानाचं फारसं कुणाला माहीत नसतं. जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या एचएएलच्या संग्रहालयात गर्दी मिगपाशी फोटो काढते. हे 6 मीटर लांबीचं, सातशे किलो वजनाचं, वैमानिकाला जागाच नसलेलं विमान लोक क्षेपणास्त्र समजून पुढे जातात. वाईट वाटतं खरं.

‘लक्ष्य’चं काम 1980 मध्ये सुरू झालं आणि पहिलं उड्डाण 1985 मध्ये. सुरुवातीला इंजिन फ्रेंच होतं. पुढे एचएएलनं बंगळुरूतच पीटीएई-7 हे छोटं जेट इंजिन घडवलं. 2000 मध्ये ‘लक्ष्य’ हवाई दलात दाखल झालं. त्याला धावपट्टी लागत नाही. मांडणीवर तिरकं ठेवायचं, पोटाखालचा रॉकेट बूस्टर पेटवायचा; विमान झेपावतं, बूस्टर गळून पडतो आणि पुढचं सगळं जमिनीवर बसलेला माणूस पाहतो.

खरी गंमत शेपटीत आहे. ‘लक्ष्य’ एका लांबलचक तारेला बांधून दुसरंच एक छोटं लक्ष्य मागे ओढतं, दीड किलोमीटर अंतरावर. तोफा आणि क्षेपणास्त्रांचा मारा त्या ओढल्या जाणाऱ्या लक्ष्यावर, विमान सुखरूप. मारा हुकला तर किती हुकला हेही कळावं लागतं. त्यासाठी आवाजावरून अंतर मोजणारं यंत्र बसवलेलं असतं. ‘थोडक्यात चुकलं’ या आपल्या लाडक्या सबबीला तिथे थारा नाही. किती मीटर ते बोला.

नुसतं उडून भागत नाही, शत्रूसारखं दिसावंही लागतं. 2010 मध्ये ‘लक्ष्य-2’ बंगालच्या उपसागरावर लाटांपासून जेमतेम 15 मीटर उंचीवरून उडवलं गेलं. समुद्राला चिकटून येणाऱ्या क्रूझ क्षेपणास्त्राची ही नक्कल. एडीईचंच पुढचं अपत्य ‘लक्ष्य’हून लहान, पण त्याच्या नाकात ल्युनेबर्ग लेन्स असते. ती रडारच्या लहरी आल्या वाटेनं जोरकसपणे परत पाठवते, त्यामुळे पडद्यावर हे चिमुकलं यंत्र भल्याथोरल्या विमानाएवढं भासतं. बहुरूप्यानं वाघाचं सोंग घ्यावं तसं. त्याचं नाव ‘अभ्यास’. हिंदीत अभ्यास म्हणजे सराव. मराठी घरात मात्र हा शब्द ऐकला की अजूनही दप्तर आठवतं. ‘अभ्यास’ हे खर्ची पडणारं लक्ष्य आहे. ते मार चुकवायला नाही, खायलाच जातं.

‘लक्ष्य’ला मात्र परतीची सोय दिलेली आहे. काम संपलं की इंजिन बंद होतं, हवाई छत्री उघडते आणि विमान नाक खाली करून संथपणे उतरू लागतं. जमिनीचा पहिला दणका नाकानं सोसायचा असतो. ते मुद्दामच चेपेल असं बनवलेलं, म्हणजे मागची महागडी यंत्रं शाबूत राहतात. माणसं येतात, चेपलेलं नाक काढतात, नवं बसवतात आणि ‘लक्ष्य’ पुन्हा मांडणीवर चढतं.