दात काढल्यानंतरचे चोवीस तास
यवतमाळ जिल्ह्यातील चिंतामणीच्या कळंब परिसरात, विदर्भात अन्यत्र दिसते त्याप्रमाणेच, खर्ऱ्याची सवय रूढ आहे. दात काढावयाचा झाल्यास हीच सवय फार नडते. हिरडीत बधिरतेचे इंजेक्शन दिल्यावर वेदना होत नाहीत. दाब व हिसका तेवढा जाणवतो. दात निघाल्यावर कापसाचा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरावा. खळगीत साकळलेले रक्त हेच जखमेचे आवरण होय. त्या दिवशी जोराने चूळ भरल्यास, वारंवार थुंकल्यास ही गुठळी निसटते, हाड उघडे पडते आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास असह्य ठणका सुरू होतो. खर्रा तर जखम भरेपर्यंत वर्ज्यच. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हळुवार चुळा भराव्यात. मधुमेह असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. खर्ऱ्याविषयीही संकोच करू नये.