बालमंदिराच्या बाईंनाही शिकावं लागतं

मैत्रिणींनो, जून जवळ आला की आपल्या सोलापुरात गल्लोगल्ली ‘माँटेसरी’च्या पाट्या लागतात. पुढची खोली, चार रंगीत खुर्च्या, भिंतीवर ससा आणि हत्ती, की झाली माँटेसरी! हे नाव कुणीही लावावं, त्यावर कुणाची मालकी नाही. घराजवळ आहे, रिक्षाचा खर्च नाही, एवढं पाहून आपणही मुलाचं नाव घालून मोकळ्या होतो. शिकवणाऱ्या बाईंचा कोर्स झालाय का, हे फार तर विचारतो. पण शाळा चालवणाऱ्या बाई काय शिकल्या आहेत, हे कोण विचारतं? मीही कधी विचारलं नव्हतं. मग एका वर्षी ती चालवणारी बाई मीच झाले.

मी घर सांभाळून एका बालमंदिरात अर्धवेळ शिकवत होते. थोरल्या बाई निवृत्त झाल्या आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात आला. मनात म्हटलं, सासूबाई, दीर, पाहुणे सगळं सांभाळते, मग चाळीस पोरांची शाळा काय जड आहे?

आमच्याकडे पूर्व भागातला एक चार वर्षांचा मुलगा होता. घरी तेलुगू, वर्गात मराठी. दोन महिने तो बोललाच नाही. मात्र रोज येऊन एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतायचा. थेंब सांडला तर फडकं आणून पुसायचा. दिवाळीच्या सुमारास पालकांची कुरकुर सुरू झाली. “बाई, पोरं नुसतं पाणी ओततात. शेजारच्या शाळेत एबीसीडी पुरी झाली. फी कशाची घेता?” मला उत्तर देता येईना. दोन मुलं शाळा सोडून गेली, तशी मी घाबरले. भांडी कपाटात गेली, पाटी-पेन्सिल बाहेर आली. तो मुलगा दारातच रडू लागला आणि पंधरवड्यात यायचा बंद झाला. शिक्षिका चांगल्या होत्या, साहित्यही चांगलं होतं. कमी पडले ते मी.

मे महिन्यात पुण्याला नणंदेकडे गेले होते. तिच्या ओळखीच्या एका वृद्ध बाईंनी तीस वर्षं बालमंदिर चालवलेलं. आठ दिवस रोज त्यांच्याकडे जाऊन बसले. त्या म्हणाल्या, “पाणी ओतताना मनगट वळतं, बोटांना नेम येतो. उद्या पेन्सिल धरणार ती हीच बोटं. एवढं तू पालकांना सांगितलं असतंस तर?” शिक्षिका मुलाला सांभाळते आणि चालकबाईंनी त्या कामाला बाहेरच्या घाईपासून सांभाळायचं, हा त्यांचा पहिला धडा.

पुढचे धडे असे. सकाळचा वेळ सलग ठेवायचा. सूचना, फी, गॅदरिंगची तालीम यांसाठी मुलांना मधूनच उठवायचं नाही. तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात ठेवायची, म्हणजे धाकटी थोरल्यांचं पाहून शिकतात. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे वर्गाला एकच संच पुरतात. उलट त्यामुळेच मुलं थांबायला शिकतात. वाचलेल्या पैशांतून शिक्षिकेचा पगार वेळेवर द्यायचा. रोज अर्धा तास कोपऱ्यात वही घेऊन बसायचं आणि न बोलता पाहायचं. आणि सेविका मावशींनाही शिकवायचं, कारण मुलाचं सांडलेलं पाणी झटकन पुसून टाकणाऱ्या त्याच असतात!

ताराबाई मोडकांची गोष्टही मला त्यांनीच सांगितली. डॉ. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या मजूरवस्तीत पहिलं बालगृह काढलं. ताराबाई राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या होत्या. ती नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं आणि त्याच्या जोडीला शिक्षिका तयार करणारं अध्यापन मंदिरही. पुढे १९४५ मध्ये अनुताई वाघांना सोबत घेऊन त्या बोर्डीला गेल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊ-माखू घातलं, महागड्या साहित्याऐवजी शंख, शिंपले, बिया वापरल्या. आज आपण सहज म्हणतो ती ‘अंगणवाडी’ तिथूनच आली. शाळा चालवणं म्हणजे नुसत्या किल्ल्या सांभाळणं नव्हे, हे मला त्या गोष्टीतून उमगलं.

दुसऱ्या वर्षी मी दर शनिवारी दोन-दोन आयांना वर्गात बसायला बोलावलं. बोलायचं नाही, फक्त पाहायचं. एका आईनं आपल्या मुलीला स्वतःच्या स्वेटरची पाचही बटणं लावताना पाहिलं. “घरी मीच लावते हो,” असं ती हळूच म्हणाली. त्या वर्षी भांडी कपाटात गेली नाहीत. तो मुलगा मात्र परत आला नाही. मी घरी जाऊन आले, पण त्याचं नाव दुसरीकडे घातलं होतं. ती रुखरुख आजही आहे.

मैत्रिणींनो, यंदा प्रवेशाला जाल तेव्हा रंगीत भिंतींवर जाऊ नका. चालकबाईंना भेटा आणि तीन गोष्टी विचारा. तुम्ही वर्गात किती वेळ बसता? पालक लिखाणाची घाई करतात तेव्हा त्यांना काय सांगता? मला एक दिवस बसून पाहता येईल का? उत्तर देताना त्या घुटमळल्या, तर घरी येऊन पुन्हा विचार करा.

आणि तुमच्यापैकी कुणी पुढच्या खोलीत बालमंदिर काढायच्या विचारात असेल, तर जरूर काढा. पण पाटी रंगवायच्या आधी वर्षभर कुणा जाणत्या बाईंच्या हाताखाली राहा. मी उलट्या क्रमानं शिकले आणि त्याची किंमत एका लेकरानं मोजली.